साखर पंचवीस टक्के कमी

माणूस खोटं बोलेल, जीभ बोलणार नाही, असं कंपनीच्या चाखणीच्या खोलीवर पितळी अक्षरांत लिहिलं होतं. त्याच दारातून आत जाऊन ताई गेले चार महिने रोज खोटं बोलत होती.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला होता. ताप गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पाकीटबंद न्याहारीच्या कंपनीत चव घेण्याचाच पगार मिळणाऱ्या बाईनं हे सांगायचं कुणाला? घर त्या पगारावर चालत होतं. घरात बाबा होते, बाबांची साखर होती, साखरेवरची औषधं होती. मग ताईनं जिभेचं काम शब्दांवर सोपवलं. ‘मागे रेंगाळणारा भाजका दाणा’, ‘घशाशी किंचित संकोच’ असलं काहीबाही ती लिहू लागली. साहेब खूश झाले. हल्ली तुमची जीभ फार छान तयार झाली आहे, असं दोनदा म्हणाले.

आज मात्र शब्दांवर भागणार नव्हतं. भिंतीतली खिडकी सरकली आणि ट्रे आत आला. तीन पांढरे कप, तिन्हींत ओट्सची लापशी. वरचा दिवा लाल, म्हणजे रंगावरूनही काही कळू नये. दोन कपांत नेहमीचा माल आणि एकात नवा, पंचवीस टक्के कमी साखरेचा. वेगळा कप कोणता, एवढंच सांगायचं. कागदावर चार चौकटी होत्या: डावा, मधला, उजवा आणि शेवटी ‘फरक कळला नाही’. त्या शेवटच्या चौकटीत खूण करणारा चाखणारा म्हणजे सूर न कळणारा गवई. त्याला कोण पोसणार?

तिनं डावा कप चाखला. चूळ भरली. मधला चाखला, पुन्हा चूळ, मग उजवा. तिन्ही वेळा तोंडात ओला पुठ्ठा.

डोळे मिटून एकावर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. इतके दिवस घर याहून कमी भरवशावर चाललं होतं. पण हा डबा बाबांच्या पोटात जाणार होता. सकाळीच ते म्हणाले होते, “तुझं ते कमी साखरेचं कधी येतंय गं? डॉक्टरांनी परवा पुन्हा डोळे वटारले. तू एकदा पास केलंस की मी बिनघोर खातो बघ.”

दुसऱ्यांच्या बापांसाठी ताईनं चार महिने बिनदिक्कत सह्या केल्या होत्या. स्वतःच्या बापाशी गाठ पडली तेव्हा हात अडला. तिनं शेवटच्या चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि मनातल्या मनात कपाटातलं सामान आवरायला घेतलं.

चहाच्या वेळी बुवा, म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने चाखणारे, पाय लांब करून म्हणाले, “डावा. शेंबडं पोरही सांगेल.”

“काहीतरीच काय बुवा, उजवा,” नवी मुलगी म्हणाली. “मला तर वासालाच कळलं.”

“मग नाक दाखवून ये कुणाला तरी.”

ताईनं चहा संपवला. तो गोड होता की बिनसाखरेचा, हे तिला कुणी विचारलं नाही हे नशीब.

दुपारी साहेबांनी बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

“ताई, चौघांनी फरक ओळखला. तुम्ही एकट्याच...”

“हो साहेब. माझं चुकलं.”

“तुम्ही एकट्याच बरोबर आहात,” साहेब पेपरवेटकडे बघत म्हणाले. “तिन्ही कपांत एकच माल होता. नेहमीचा.”

ताईला क्षणभर आपली जीभ परत आल्यासारखं वाटलं. “मग कमी साखरेचा कुठंय?”

“तो हाच.”

“साखर कमी कुठे केलीय मग?”

“डब्यावर.” साहेबांनी सुस्कारा सोडला. “तज्ज्ञांनी कमी गोडी ओळखली, असा एक कागद हवा होता, बाकी काही नाही. चौघांनी दिला. तुमच्याएवढी तिखट जीभ आम्हाला परवडायची नाही, ताई. उद्या ती बाहेर चालली तर?”

“साहेब, मला चवच लागत नाही. ताप आल्यापासून.”

“आता विनय पुरे,” साहेब हळवे होऊन म्हणाले. निरोपाच्या पत्रात त्यांनी ‘असामान्य रसना’ असे शब्द स्वतःच्या हातानं घातले.

महिनाभरात नवा डबा दुकानांत आला. बाबांनीच तो आणला आणि त्यावरच्या हिरव्या वर्तुळातली अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली.

“बाबा, तोच माल आहे तो,” ताई म्हणाली. “मी नव्हता पास केला.”

“बाकीच्यांनी केला ना?”

“चौघांनी.”

“चौघांना कळतं आणि तुला कळत नाही?” बाबा मायेनं म्हणाले. “तुझ्याच जिभेला काहीतरी झालंय बघ. त्यांनी काय उगाच काढलं तुला?”

जुन्या डब्यावर लिहिलं होतं: एका वेळचं प्रमाण चाळीस ग्रॅम, त्यात साखर आठ ग्रॅम. नव्यावर लिहिलं आहे: एका वेळचं प्रमाण तीस ग्रॅम, त्यात साखर सहा ग्रॅम. तीस ग्रॅमनं बाबांचं पोट भरत नाही. ते दोनदा घेतात.