माझा एकुलता एक डायलॉग

"अजून पसरा! कॅमेऱ्यात कचरा दिसतच नाहीये," दिग्दर्शक ओरडला आणि त्याच्या माणसांनी बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेट्सचं तिसरं पोतं आमच्या नदीच्या घाटावर ओतलं.

हाच घाट रविवारी आम्ही नववीच्या सतरा जणींनी खराट्याने झाडला होता! आता मालिकेतली नायिका तो साफ करणार, आम्ही मागे उभ्या राहणार आणि मी धावत येऊन म्हणणार, "ताई, आम्हीपण येतो!" माझा एकुलता एक डायलॉग. अख्ख्या आळीला सांगून झालं होतं.

पहिल्या शॉटमध्ये नायिकेने एक बाटली उचलली आणि ती छत्रीखाली जाऊन बसली. चार प्लेट्स वाऱ्याने उडून नदीत पडल्या. "सर, आता हे उचलू?" मी दिग्दर्शकाला विचारलं.

"हात लावू नकोस, बाळ. जेवणानंतर याच कचऱ्यावर तुझा शॉट आहे. मग काय, नदी नेईल वाहून."

नेईल वाहून? कुठे, ह्याच्या घरी?

ते जेवायला बसले आणि आम्ही तिन्ही पोती पुन्हा गच्च भरली.

"माझा कचरा कुणी उचलला?" दिग्दर्शक परत येऊन किंचाळला.

"मी. तुमच्या गोष्टीत हेच करायचंय ना?"

"तुझा डायलॉग कॅन्सल! बाकीच्या मुलींनो, जागेवर उभ्या राहा."

डायलॉग हवा होता, खोटं कशाला बोलू. तरी मी एक पोतं उचललं आणि त्यांच्याच गाडीत टाकायला निघाले.

दहा पावलं गेले असेन. मागून सोळा जणी एका सुरात ओरडल्या, "ताई, आम्हीपण येतो!"