शिंप्याचे दोन इंच
माझ्या मापवहीत त्याच्या वडिलांचं पान अठ्ठेचाळिसाव्या वर्षी संपलं. कंबर चव्वेचाळीस झाली आणि हृदय थांबलं. आईच्या पानावर मधुमेहानं उतरत गेलेली मापं आहेत. पोरगा पहिली पँट शिवून घ्यायला आला, तेव्हा त्याचं माप बापाच्या विशीतल्या मापाशी तंतोतंत जुळलं. तेव्हापासून त्याच्या पँटच्या कमरेत मी गुपचूप दोन इंच जास्तीचं कापड सोडत आलो. आज ना उद्या उसवावं लागणारच! काल तो पन्नासाव्या वाढदिवसाची पँट शिवून घ्यायला आला. टेप लावली, पुन्हा बत्तीसच. “काय रे, कोणाच्या वळणावर गेलास तू?” “दोघांच्याही, काका. बाबांचं हृदय, आईची साखर, सगळं रक्तातच आलंय. म्हणून तर तीस वर्षं रोज पळतो आणि दोन घास कमी खातो.” मी सवयीप्रमाणे खडूनं आखलेले ते दोन इंच तळव्यानं पुसले आणि कात्री चालवली.