नळाच्या खेपा

"मणक्यात जंतू शिरलेत. पू साठून नसांवर दाब येतोय. आत्ताच ऑपरेशन करून काढला नाही, तर पाय कायमचे जातील," एवढं सांगून डॉक्टर बाबांना आत घेऊन गेले.

दोन तास झाले तरी दार उघडेना. आईचा जीव टांगणीला लागलेला, आणि सात वर्षांची लेक काही एका जागी बसेना. सारखी उठायची आणि नळाखाली पाय धुऊन यायची. चौथ्यांदा ओल्या पायांनी आली, तशी आई खेकसली, "काय चाललंय तुझं? सालटी निघतील आता पायांची!"

लेकीला रडू फुटलं.

"बाबांची पाठ रोज मीच तुडवून द्यायचे ना... खेळून आल्या आल्या, तशाच पायांनी."