फालतू नावाची फाइल

कांद्याच्या लिलावात ज्यांचा आवाज अख्ख्या मार्केट यार्डात घुमायचा, त्या कुमुदिनीबाई आहेरांचा कृत्रिम कंठ गणपतीपासून मुका होता. आतलं सॉफ्टवेअर बिघडलं होतं आणि कंठ बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. चुकीची फाइल घातली, तर कंठ कायमचा निकामी होणार होता.

‘अस्सल कंठ’ नावाच्या फाइली बाजारात ढिगाने मिळत होत्या. कुमुदिनीबाईंच्या सुनेने, तेजलने, एकेका फाइलचा ठसा काढला. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी गणिताने निघणारा हा ठसा पार बदलतो. कंठाच्या पाठीवर कंपनीने कोरलेल्या मूळ फाइलच्या ठशाशी एकही जुळला नाही.

मग तेजलने नावाने शोधणं सोडलं आणि एकमेकांना फाइली देणाऱ्या जगभरातल्या संगणकांना नुसता ठसा देऊन विचारलं, या ठशाची फाइल कुणाकडे आहे? उत्तर अकोल्याहून आलं. कंपनीतल्या एका निवृत्त इंजिनियरच्या संगणकात ती फाइल पडून होती. तिला त्याने नाव दिलं होतं, ‘फालतू, नंतर डिलीट करणे’.

“हे असलं घालणार तिच्या गळ्यात?” सासरे उखडले.

“बाबा, नाव काय, कुणी काहीही देतं. ठसा बघा, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच आहे.”

कुमुदिनीबाईंनी स्वतःच पुढे होऊन मान वर केली. तेजलने बटण दाबलं. कंठ खरखरला, गप्प झाला, आणि पुढच्या क्षणी पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.

“फालतू म्हणे! लाव त्या इंजिनियरला फोन. मला बोलायचंय!”