वाळवंटाची रंगीत तालीम

“टॉर्च गेटवर जमा करायच्या,” मृदुलाने मोबाइलवरचा महोत्सवाचा नियम वाचून दाखवला आणि समाधान चरकला.

“सगळ्या?” सुजितने विचारलं.

“सगळ्या. रात्री वाळूत प्रकाशाची शिल्पं मांडणार, त्यात आपले झोत नकोत. प्रत्येकाला एक बारकी लाल टॉर्च देणार. तेवढ्यावरच फिरायचं.”

आता टॉर्चवेड्यांना टॉर्च जमा करा म्हणायचं, म्हणजे कमालच झाली की नाही! पण सुजित आणि मृदुला उलट हरखले. राजस्थानातल्या त्या कलामहोत्सवाचं वेड तिघांनाही वर्षभर होतं. तिघं दर गुरुवारी चिखलीला सुजितच्या वर्कशॉपमध्ये जमत. गुरुवारी सुट्टी, लेथ बंद, लाइट बंद. शटर ओढलं की भर दुपारी काळोख, मग नव्या टॉर्च तपासायच्या. सुजित स्वतः लेथवर टॉर्चच्या नळ्या घडवायचा. मृदुला रावेतहून यायची, ती इंजिनिअर. समाधान चाकणच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि सगळ्यात दांडगी टॉर्च कायम त्याची. दोघं त्याला ‘हॅलोजन’ म्हणून चिडवायचे. तो हसून घ्यायचा.

त्यामागचं खरं कारण फक्त दिपालीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. समाधानला अंधारात दिसत नव्हतं. त्याच्या आईचंही असंच सुरू झालं होतं, पुढे तिला दिवसाही दिसेनासं झालं. कंपनीतली डोळ्यांची तपासणी लख्ख उजेडात व्हायची, म्हणून हा दरवेळी पास. पण परवा नाइट शिफ्टला यार्डात एक हेल्पर त्याला दिसलाच नाही. तो बोंबलला म्हणून ब्रेक लागला. तेव्हापासून समाधानची झोप उडाली होती. कळलं तर नोकरी जाणार, नाही कळलं तर एखाद्याचा जीव जाणार. दोन्हींची भीती वाटायची, आणि तो गप्प बसायचा.

“मला काय जमंना बघा,” तो म्हणाला. “सुट्टी मिळणार न्हाई.”

“अरे वा! वाळवंटात झोत किती लांब जातो ते बघायचंय म्हणून डोकं कोणी खाल्लं आमचं?” मृदुला म्हणाली.

“चहा आणतो,” म्हणत तो सटकलाच.

चौकातून चहा घेऊन आला तेव्हा शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरला. उन्हातून आल्यावर नेहमीसारखं काहीच दिसेना. त्याने आवाजाच्या रोखाने पिशवी पुढे केली, ती कुणीतरी घेतली. मागे शटर खडखडत खाली आलं.

“रंगीत तालीम,” सुजितने त्याच्या हातात लाल टॉर्च ठेवली. “इथून मागच्या लेथपर्यंत जायचं. पहिला तू.”

लाल उजेड त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. नको म्हणावं तर संशय येणार. जावं तर तोंडावर आपटणार. मग त्याला आठवलं, अरे, हे वर्कशॉप तर आपल्याला पाठ आहे! डावीकडे भंगाराचा पिंप, पुढे उजव्या हाताला ग्राइंडरचा स्टँड, मग ते मेलं स्टूल. त्याच स्टुलाने एकदा नडगी फोडली होती.

तो निघाला. पिंपाच्या अंदाजाने उजवीकडे सरकला. ग्राइंडरचा टोकदार कोपरा आठवून अंग चोरलं, डावीकडे वळला. स्टुलाला मोठा वळसा घातला. कुठे धक्का नाही, खडखडाट नाही. हाताला लेथचं गार लोखंड लागलं तेव्हा त्याला रडूच यायचं बाकी होतं.

“पोचलो की राव!” तो ओरडला. “एवढं काय त्यात!”

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी चिडवलंही नाही. सुजितने शटर वर ढकललं, ऊन थेट लेथपर्यंत आलं, आणि समाधानने मागे वळून पाहिलं.

मधली जमीन रिकामी होती. पिंप, ग्राइंडर, स्टूल, सगळं पलीकडच्या भिंतीला लावून ठेवलं होतं.

मोकळ्या जागेतून तो वेडावाकडा वळत आला होता आणि ते दोघं बघत उभे होते.

“तू चहाला गेलास तेव्हा सरकवलं,” मृदुला हळू आवाजात म्हणाली. “तुला लागू नये म्हणून. टॉर्च हातात आली की आपल्यातला जो तो लांब मारतो रे, टाकीवर, झाडावर, डोंगरावर. तू एकटा पायाशी मारतोस. एवढी दांडगी टॉर्च, आणि पायाशी.”

“कंपनीत सांगणार तुम्ही?” समाधानने विचारलं.

“आम्ही कशाला? तू सांगशील,” सुजित म्हणाला. “उद्याच. मी येतो सोबत. दिवसाचं दुसरं काम मागू. नाही दिलं तर हा लेथ आहे, दिवसा चालतो. पण अंधारात त्या फोर्कलिफ्टवर आता बसायचं नाही, भावा.”

समाधान लेथला टेकून खाली बसला. परवाच्या त्या हेल्परचं ओरडणं पुन्हा कानात घुमलं. त्याने मान हलवली. मृदुलाने त्याच्या हातात चहा दिला, तो निवून गेला होता.

“म्हणजे वाळवंटाचं राहिलंच आता,” तो पुटपुटला.

सुजित भंगाराचा पिंप परत जागेवर ओढत होता. धापा टाकत थांबला.

“तिकडं तर तुला न्यायचंच,” तो म्हणाला. “तिथं निदान आम्हाला काही सरकवावं लागणार नाही.”