तीन प्लेटा

"त्या तीन प्लेटा वगळून टाक," डॉ. कारखानीस म्हणाले. "उद्या परिषदेत औषध कॅन्सरच्या पेशींना थोपवतं, एवढंच सांगायचं."

नूतन वाघमोडे चार वर्षं त्यांच्या हाताखाली संशोधन करत होती. 'पुढे सरक' हा निरोप पेशीला मिळतो तो तिच्या अंगावरच्या रिसेप्टरमधून. नव्या औषधाने तो बंद केला की पेशी जागच्या जागी थांबत. त्या तीन काचेच्या प्लेटांत वाढवलेल्या, एकाच रुग्णाच्या पेशी मात्र उलट दुप्पट वेगाने पसरल्या होत्या. नूतनने प्रयोग पाचदा करून पाहिला होता.

"सर, हा रिसेप्टर बंद झाला की त्यांना निरोप दुसऱ्याच रिसेप्टरमधून, जास्त जोराने मिळतोय. हे लपवलं तर औषधानेच एखाद्याचा कॅन्सर पसरेल."

"मग डॉक्टरेट विसर."

"विसरते," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

परिषदेत तिने सुरुवातच त्या प्लेटांपासून केली. सभागृहात चुळबुळ झाली. सर उठून चालू लागले. ती थांबली नाही.

बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"या औषधाच्या चाचणीत माझे दोन रुग्ण कॅन्सर असाच झपाट्याने पसरून गेले. मला आजवर वाटत होतं, माझंच काही चुकलं."