दाराचा जोर

नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव तपासनीसबाईंचं होतं, आणि वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. त्या वेळी बाई रस्त्यापलीकडच्या खाणावळीत बसून, कालची भाजी आज कशी वाढली म्हणून मालकाशी हुज्जत घालत होत्या.

कंपनी लिफ्टची. शहरातल्या दीडशे लिफ्टनी कसं वागायचं ते संगणकातल्या एकाच मॉडेलमध्ये लिहिलेलं. मॉडेल सगळ्या विभागांचं मिळून एक, आणि ते सांभाळायचं बाईंनी. रोज पाच वाजता बाईंनी ‘मंजूर’ दाबलं की त्यात जे असेल ते दीडशे ठिकाणी उतरायचं, इस्पितळातल्या चार लिफ्टसुद्धा सुटायच्या नाहीत. आज साडेचारला त्यांनी बघितलं, तर त्यातला एक आकडा हलला होता. मध्ये काही अडकलं, तर दाराने किती जोर लावून मग मागे सरायचं, तो. होता पंधरा किलो, झाला पंचेचाळीस.

बाई उठून उभ्या राहिल्या. “माझ्या नावाने आत कोण शिरलं?”

कोणी लपवेल तर शपथ. “मीच हो, ताई,” विक्रीवाले हसत म्हणाले. “गिऱ्हाईक कटकट करतं, दार सारखं उघडतं म्हणून. जरा दम भरला दाराला.”

“माझा पासवर्ड तुम्हाला कुणी दिला?”

“कमाल करता! चहाच्या मशीनवर चिकटवलाय की. तुम्ही रजेवर होतात ना, साहेबांनीच लावला.”

खरंच होता. चहाचे ओघळ पिऊन पिवळा पडलेला कागद. हिशेबनिसाला तो तोंडपाठ, दारावरच्या पहारेकऱ्याला तोंडपाठ, आणि पाण्याचे बाटले आणणारा तर तो चालीत गुणगुणायचा. आपला दात घासायचा ब्रश सगळ्या मजल्याने फिरवला आणि ओलाच परत ठेवला, असं काहीतरी बाईंना झालं.

मोठे साहेब दात कोरत बाहेर आले. “एवढं काय मनाला लावून घेता? आपण सगळी एका घरातली. घरात कुणी आतून कडी लावतं का?”

“न्हाणीघराला लावतात, साहेब.”

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी बसून आधी पासवर्ड बदलला. आकडा मागे घ्यायला बोट उचललं, तोच साहेब म्हणाले, “तो पंचेचाळीस राहू द्या. गिऱ्हाईक मोठं आहे. काही होत नाही. आणि नवा पासवर्ड विक्रीवाल्यांना सांगून ठेवा.”

“सांगते ना,” बाई म्हणाल्या. “चला, तिघं लिफ्टने खाली जाऊ. तळमजल्यावर पोचलो की तिथंच सांगते. बदल आधी आपल्याच लिफ्टवर चालवून बघतात, माहीतच आहे तुम्हाला. दुपारपासून हाच आकडा चालू आहे तिथं.”

साहेबांनी विक्रीवाल्यांकडे पाहिलं. विक्रीवाल्यांनी स्वतःच्या बुटांकडे.

“मी जिन्याने येतो,” साहेब म्हणाले. “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

विक्रीवाल्यांनाही नेमका तेव्हाच आपला डॉक्टर आठवला. सातव्या मजल्यावरून दोन पोटं एकमेकांना सावरत, धापा टाकत उतरू लागली. त्या दोन पाठींकडे बघून बाईंना किळस आली, पाल अंगावर पडावी तशी.

इतक्यात लिफ्ट वर आली. सफाईच्या मावशी बादली ओढत उलट्या पावलांनी बाहेर पडत होत्या. त्या पुरत्या बाहेर यायच्या आतच दार मिटायला लागलं. बाईंनी धावत जाऊन मध्ये पाय घातला. दाराने बूट चेपला, आणखी चेपला, आणि मग कुठे नाइलाजाने मागे सरलं.

“पाय काढ, पोरी! पिसाळलंय ते दुपारपासून,” मावशी ओरडल्या. त्यांच्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. “तीन वाजताच साहेबांना हात नेऊन दाखवला मी. म्हणाले, मावशी, हात कशाला घालता? आधी बादली घालत जा.”